कोकणात बालगरिबीचा केंद्रनिहाय नकाशा कसा करायचा

गरिबीची चर्चा निघाली की रत्नागिरी-सिंधुदुर्गाचं नाव सहसा कुणी घेत नाही. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची साक्षरता ८५ टक्क्यांच्या वर होती, रत्नागिरीची ८२ च्या वर. घरटी कुणीतरी मुंबईला असतो, गणपतीत गाव भरतो. त्यामुळे जिल्हावार कुठल्याही नकाशात हा पट्टा फिकट रंगातच येतो. पण त्याच पट्ट्यात खाडीच्या अलीकडे आंबा बागायतदाराचा बंगला असतो आणि पलीकडच्या कातळावर दिवाळी झाली की अर्धी रिकामी होणारी वाडी असते. हा फरक दिसायचा तर जिल्हा सोडून खाली उतरावं लागतं, थेट जवळपासच्या शाळांच्या गटापर्यंत, म्हणजे केंद्रापर्यंत. ते कसं, ते इथे सांगतो. शिक्षक, केंद्रप्रमुख, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, ग्रामपंचायतीत काम करणारे, समाजकार्याचे विद्यार्थी, कुणालाही जमेल. एक लॅपटॉप आणि क्यूजीआयएस हे नकाशे करायचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर एवढ्यावर भागतं. बाकी सगळी पायपीट.

आधी एकक ठरवा

अमेरिकेत शाळांचा कारभार ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’कडे असतो. तिथलं जनगणना कार्यालय दरवर्षी सुमारे १३ हजार डिस्ट्रिक्टसाठी ५ ते १७ वयाच्या गरीब मुलांचा अंदाज काढतं आणि केंद्र सरकारचा शिक्षणनिधी त्या आकड्यांवर वाटला जातो. त्यासाठी पाहणीचे आकडे, आयकराची विवरणपत्रं आणि अन्नमदतीच्या नोंदी एकत्र केल्या जातात. आपल्याकडे असं तयार काही नाही. आपली उतरंड वेगळी आहे : जिल्हा परिषद, तालुक्याचे गटशिक्षणाधिकारी, बीटचे (काही केंद्रांच्या गटाचे) विस्तार अधिकारी, मग केंद्रप्रमुख आणि शेवटी शाळा.

माझं मत स्पष्ट आहे : नकाशा केंद्राचा करा. तालुका फार मोठा पडतो. खेड तालुक्यात लोट्याची एमआयडीसी येते आणि सह्याद्रीच्या पायथ्याचे धनगरवाडेही येतात. दोन्हींची सरासरी काढली तर ती ना इकडची ना तिकडची. शाळा फार लहान पडते. कोकणात पट वीसच्या आतल्या जिल्हा परिषद शाळा गावोगाव आहेत. आठ मुलांच्या शाळेत एक कुटुंब मुंबईला गेलं की टक्केवारी बारा अंकांनी हलते. केंद्रात साधारण दहाएक शाळा असतात, केंद्रप्रमुखाला वाड्या तोंडपाठ असतात, आणि दर महिन्याच्या शिक्षण परिषदेला सगळे शिक्षक एका जागी भेटतात. माहिती गोळा करायला आणि नंतर तपासून घ्यायला याहून सोयीची जागा मिळणार नाही.

गरीब मूल कुणाला म्हणायचं

इथे घाई करू नका, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

पैशात मोजायची दारिद्र्यरेषा आपल्या कामाची नाही. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ मध्ये ग्रामीण महाराष्ट्राची रेषा माणशी महिना ९६७ रुपये होती. ती ज्या खर्च-पाहणीवर बेतलेली आहे, तिचा नमुना केंद्रापर्यंत पोचतच नाही. आणि ‘महिन्याचा खर्च किती’ हे दारात उभं राहून विचारलं तर खरं उत्तर मिळत नाही. त्यातून कोकणातली कमाई हंगामी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, आंब्या-काजूचा पैसा मार्च ते मे, भाताचा नोव्हेंबरात. ज्या महिन्यात विचाराल तसं उत्तर येईल.

नीती आयोगाचा बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक आपल्याला जवळचा आहे. आरोग्य, शिक्षण, राहणीमान यांतले १२ निर्देशक घेऊन, त्यांतल्या वंचनांची (उणिवांची) प्रत्येकीच्या ठरलेल्या वजनाने केलेली बेरीज एक तृतीयांशापर्यंत गेली की कुटुंब गरीब धरलं जातं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीवरून देशाचा आकडा १४.९६ टक्के निघाला. जिल्ह्यांचे आकडेही मिळतात, त्याखालचे नाहीत. त्यातली पद्धत घ्यावी, निर्देशक मात्र जसेच्या तसे उचलू नयेत. कारणं सांगतो.

चूल. कोकणात लाकूडफाटा दारात असतो. गॅस असलेल्या, पक्क्या घरातसुद्धा आंघोळीचं पाणी आणि पेज-भात चुलीवर होतो. ‘लाकडावर स्वयंपाक’ हा निकष लावलात तर अर्धा गाव गरीब निघेल.

कौलं आणि जांभा. जांभ्याच्या भिंती आणि मंगलोरी कौलं हे इथलं चांगलं घर आहे. उलट पत्र्याचं एकखणी घर ‘पक्क्या छपराचं’ म्हणून नोंदलं जाऊ शकतं.

जमीन. सातबाऱ्यावर नाव असतं, पण त्याच सातबाऱ्यावर चुलत-चुलत मिळून तीस-चाळीस नावं असतात. कागदावर जमीनदार, हातात दोन कलमं. त्यामुळे ‘भूमिहीन आहे का’ या प्रश्नाला जवळपास सगळे ‘नाही’ म्हणतात.

स्त्री कुटुंबप्रमुख. २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेत घरात प्रौढ पुरुष नसलेलं, बाईच्या नावावर चालणारं कुटुंब हा वंचनेचा एक निकष होता. पण रत्नागिरी जिल्ह्यात त्याच वर्षी हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. ते चाकरमान्यांच्या जिल्ह्याचं प्रमाण आहे. नवरा भांडुपला नोकरीत असेल आणि दर महिन्याला पैसे पाठवत असेल तर ते कुटुंब वंचित नाही. तोच नवरा परत आलाच नसेल तर आहे. निकषाला हा फरक कळत नाही, शेजारणीला कळतो.

मग विचारायचं काय? मी पाच प्रश्न सुचवतो. पहिला : कुटुंब अंत्योदय किंवा प्राधान्य गटाच्या शिधापत्रिकेवर आहे का, किंवा शिधापत्रिकाच नाही का? दुसरा भाग विसरू नका. ज्यांच्याकडे कार्डच नाही अशी कातकरी कुटुंबं आणि बागेत राखणीला आलेली नेपाळी कुटुंबं पहिल्या भागात कधीच सापडणार नाहीत. दुसरा : घराची मुख्य कमाई रोजंदारीची आहे का, आणि बाहेरून नियमित पैसे पाठवणारं कुणीच नाही का? तिसरा : घरात दहावी झालेलं मोठं माणूस एकही नाही का? चौथा : गेल्या वर्षभरात मूल सलग महिनाभर कामाच्या गावी, भट्टीवर किंवा धाकट्या भावंडाला सांभाळायला शाळेबाहेर राहिलं का? पाचवा : मे महिन्यात पिण्याचं पाणी आणायला जाऊन-येऊन अर्ध्या तासाहून जास्त लागतो का, किंवा टँकरची वाट पाहावी लागते का? तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात हा प्रश्न पावसाळ्यात विचारला तर उत्तर शंभर टक्के गोड येतं.

पाचपैकी दोन ‘हो’ आले की मूल गरीब धरा. मग तीनचा उंबरठा लावून तोच हिशेब पुन्हा करा. केंद्रांची क्रमवारी थोडी इकडेतिकडे झाली तर हरकत नाही. पार उलटीपालटी झाली तर प्रश्नांत गडबड आहे, नकाशाला हात लावू नका.

शिधापत्रिकेच्या रंगावर एकट्यावर विसंबायचं नाही याचं आणखी एक कारण. पिवळ्या कार्डाची उत्पन्नमर्यादा वर्षाला १५ हजार आणि केशरीची १ लाख, प्राधान्य कुटुंबासाठी ग्रामीण भागात ४४ हजार. आजच्या मजुरीत रोज काम मिळणारा कुणीही या आकड्यांत बसत नाही. म्हणजे कार्ड कधी काढलं आणि कुणाच्या ओळखीने काढलं, हेच रंग सांगतो.

पट मोजू नका, मुलं मोजा

शाळेच्या पटावरून गरीब मुलांचा दर, म्हणजे टक्केवारी, काढणं ही या कामातली सर्वांत सोपी आणि सर्वांत फसवी वाट. ज्याला परवडतं तो मुलाला व्हॅनने तालुक्याच्या इंग्रजी शाळेत धाडतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत उरतात ती न परवडणाऱ्यांची मुलं. मग पटावरून काढलेला दर गावाच्या गरिबीचा नसतो, मागे राहिलेल्यांचा असतो. शिवाय व्हॅनवाली शाळा ज्या केंद्रात, तिथला दर आपोआप खाली येतो. म्हणून छेदात त्या केंद्राच्या गावांत राहणारी ६ ते १४ वयाची सगळी मुलं हवीत, मग ती शिकायला कुठेही जावोत.

ही यादी कुठे मिळते? दाखलपात्र मुलांसाठी शिक्षक गृहभेटी करतात, त्यांची यादी शाळेत असते. अंगणवाडी सेविकेच्या कुटुंब सर्वेक्षण नोंदवहीत घरटी माणसं असतात. दोन्ही शेजारी ठेवून वाडीनिहाय बसा. सेविका, आशाताई आणि गावातला एखादा जुना शिक्षक अशी तिघं एका ओटीवर बसली तर शंभर घरांची वाडी एका दुपारीत उरकते.

आणि तारीख. यू-डायससाठी, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीसंचासाठी, ३० सप्टेंबरचा पट धरण्याची रीत आहे. त्या दिवशी रायगडातलं किंवा मंडणगडाकडचं कातकरी कुटुंब गावातच असतं, कारण कोळसा आणि वीटभट्टीवर जाणं सुरू होतं ते दिवाळीनंतर. म्हणजे कागदावर मूल हजर. जानेवारीत त्याच वर्गात जाऊन बघा. उलट आंबाबागांत राखणीला येणारी कुटुंबं सप्टेंबरात नसतात, मोहोर आला की असतात, आणि त्यांची मुलं कुठल्याच पटावर नसतात. म्हणून मोजणी दोनदा करा : एकदा सप्टेंबरअखेर, एकदा जानेवारीअखेर. दोन्ही आकडे वेगळ्या रकान्यांत ठेवा, सरासरी काढू नका. त्यांच्यातला फरक हीच पुढे नकाशावरची सर्वांत बोलकी गोष्ट ठरते. स्थलांतर करणाऱ्या मुलांना शाळेने शिक्षण हमी कार्ड दिलं असेल तर त्यांची संख्या पडताळ्याला घ्या.

सरकारी आकडे : कुठला घ्यायचा, कुठला सोडायचा

गावनिहाय लोकसंख्या, ० ते ६ वयोगट, अनुसूचित जाती-जमाती आणि घरांच्या सोयी हे सगळं २०११ च्या जनगणनेत आहे. जुनं आहे, पण पाया म्हणून चालतं. फक्त एक ध्यानात ठेवा : रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ ते २०११ या काळात घटली होती. तेव्हाची संख्या वाढीच्या दराने पुढे ढकलून आजचा छेद काढू नका. ग्रामपंचायतनिहाय सोयींसाठी मिशन अंत्योदयची पाहणी उपयोगी. कार्डांची दुकानवार संख्या तालुक्याच्या पुरवठा शाखेकडून मिळते, नाहीच दिली तर माहिती अधिकाराचा साधा अर्ज करा.

पोषण आहाराचा आकडा सोडून द्या. अमेरिकेत फुकट जेवण मिळणाऱ्या मुलांची संख्या गरिबीचं माप म्हणून सर्रास वापरली जाते. आपल्याकडे सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवी सगळ्यांनाच आहार मिळतो, तेव्हा त्यातून काही कळत नाही. गणवेशाच्या जुन्या याद्या मात्र बघा. आधी तो सगळ्या मुलींना, पण मुलग्यांत फक्त अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना मिळायचा. २०२३ पासून राज्याने तो सर्वांना केला. त्याआधीच्या मुलग्यांच्या यादीत वर्षावर्षाचा धागा सापडतो.

कोडची भानगड

वेगवेगळ्या तक्त्यांची जोडणी गावांच्या नावांवर करायला जाऊ नका. खुर्द, बुद्रुक, तर्फे यांच्या स्पेलिंगचे दहा प्रकार आणि एकाच नावाची दोन-तीन गावं. कोडवर जोडा. जनगणनेत प्रत्येक गावाला सहा अंकी कोड आहे. शाळेचा यू-डायस कोड अकरा अंकी : पहिले दोन राज्याचे (महाराष्ट्र २७), पुढचे दोन जिल्ह्याचे (रायगड २४, रत्नागिरी ३२, सिंधुदुर्ग ३३), मग दोन तालुक्याचे, तीन गावाचे, शेवटचे दोन शाळेचे. हा जिल्ह्याचा क्रमांक २०११ च्या जनगणनेच्या जिल्हा कोडशी जुळत नाही. तेव्हा शाळा, गाव आणि केंद्र यांची एक जोडतक्ता फाइल स्वतः करा आणि केंद्रप्रमुखाकडून तपासून घ्या.

एक्सेलमध्ये सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) उघडली की अरुंद रकान्यात अकरा अंकी कोड २.७३ई+१० असा दिसू लागतो. तशीच पुन्हा सीएसव्ही म्हणून जतन केली की मूळ कोड गेला, आणि रत्नागिरीच्या सगळ्या शाळांचा कोड एकच होऊन बसतो. फाइल थेट उघडू नका. ‘डेटा’ मेन्यूतून आयात करा आणि कोडचा रकाना ‘टेक्स्ट’ म्हणून निवडा. क्यूजीआयएसमध्येही दोन्हीकडचा रकाना टेक्स्टच हवा, नाहीतर जोडणी गुपचूप रिकामी येते. जोडल्यावर रिकाम्या ओळी मोजा. एकही शिल्लक असली तर पुढे जाऊ नका.

नकाशा

गावांच्या सीमांचा थर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पोर्टलवर मिळतो. क्यूजीआयएसमध्ये उघडा आणि प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणायची रीत) यूटीएम झोन ४३ उत्तर करा, सॉफ्टवेअरच्या यादीत त्याचा कोड ईपीएसजी ३२६४३. सगळं कोकण त्यात बसतं आणि अंतरं मीटरमध्ये मिळतात. जोडतक्ता गावांना जोडा. मग ‘डिझॉल्व्ह’ वापरून केंद्राच्या रकान्यावर गावं एकत्र करा की केंद्रांच्या सीमा तयार होतात. वाड्यांसाठी मोबाइलवर जीपीएस बिंदू घ्या, कारण कोकणातलं गाव म्हणजे चार-पाच किलोमीटरांत विखुरलेल्या वाड्या. गावाचा मध्यबिंदू पुष्कळदा निव्वळ कातळावर पडतो.

वाडी कुठल्या केंद्रात धरायची हे सरळ अंतरावरून ठरवू नका. दाभोळ आणि धोपावे नकाशावर समोरासमोर आहेत, पण मध्ये वाशिष्ठीची खाडी आहे, फेरीबोट आहे आणि तालुकाही बदलतो. जयगड-तवसाळचं तसंच. मूल रोज ज्या वाटेने चालतं ते अंतर खरं. पऱ्या (ओढा) भरला की जून ते सप्टेंबर तीही वाट बंद होते, ते वेगळ्या रकान्यात लिहा.

लहान संख्यांचं काय करायचं

केंद्र घेतलं तरी काही केंद्रांत मुलं फार कमी निघतात, आणि टोकाचे दर नेमके तिथेच दिसतात. उपाय सोपा आहे. केंद्राचा दर तालुक्याच्या दराकडे थोडा ओढायचा, आणि मुलं जितकी कमी तितका जास्त ओढायचा. सूत्र असं : गरीब मुलांत ‘२० गुणिले तालुक्याचा दर’ मिळवा, एकूण मुलांत २० मिळवा, मग भागा.

समजा तालुक्याचा दर २५ टक्के आहे. एका केंद्रात १६ मुलं, त्यांतली ८ गरीब : कच्चा दर ५०. दुसऱ्यात १६० मुलं, ७२ गरीब : कच्चा दर ४५. कच्च्या आकड्यात पहिलं केंद्र पुढे. सूत्र लावलं की पहिल्याचा दर (८ अधिक ५) भागिले ३६, म्हणजे ३६ टक्के होतो. दुसऱ्याचा (७२ अधिक ५) भागिले १८०, म्हणजे ४३. क्रम उलटला, आणि ते बरोबरच आहे : दुसरीकडे गरीब मुलं नऊपट आहेत आणि आकड्यावर भरवसाही जास्त. २० हा आकडा दगडावरची रेघ नाही. १० आणि ४० घेऊनही बघा आणि कुठला वापरला ते नकाशाखाली लिहा. संख्याशास्त्र शिकलेला कुणी भेटला तर तो हा आकडा माहितीवरूनच काढून देईल. जानेवारीच्या मोजणीलाही हेच सूत्र लावा.

रंग आणि गोल

केंद्र नुसतं रंगवलं तर सह्याद्रीकडची मोठी, विरळ वस्तीची केंद्रं सगळा नकाशा खाऊन टाकतात, आणि किनाऱ्यावरचा दाट वस्तीचा कोळीवाडा टिंबाएवढा दिसतो. म्हणून दर रंगाने दाखवा आणि गरीब मुलांची संख्या गोलाच्या आकाराने. निधी किंवा शिक्षक मागायला जाल तेव्हा साहेब गोल बघतात. रंगाच्या पायऱ्या सॉफ्टवेअरवर सोपवू नका. १०, २०, ३०, ४० अशा ठरीव ठेवा, नाहीतर दर वर्षी पायऱ्या बदलतील आणि दोन नकाशे शेजारी ठेवता येणार नाहीत. लाल-हिरवा टाळा. फिकट ते गडद एकच रंग घ्या, तालुक्याच्या ठिकाणी तो काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवरही वाचता येतो.

काय छापायचं नाही

वाडीचे बिंदू नकाशावर दाखवू नका, ते फक्त तुमच्या हिशेबासाठी. कोकणात वाडी म्हणजे बहुतेक वेळा एक समाज. ‘अमुक वाडी गरीब’ हे बोट थेट माणसांकडे जातं. जिथे गरीब मुलं पाचाहून कमी, तिथे संख्या न छापता ‘५ पेक्षा कमी’ लिहा. मुलांची नावं, आधार क्रमांक किंवा जात दाखला तक्त्यात आणूच नका, घराला एक क्रमांक पुरतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठराच्या आतल्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. शाळेच्या पोर्टलवरून मुलांची यादी पेनड्राइव्हवर मागून घेण्याची जी सवय आपल्याकडे आहे ती सोडा. मुख्याध्यापकांकडून बेरजा घ्या, नावं नको.

छापण्याआधी कच्चा नकाशा शिक्षण परिषदेत भिंतीवर लावा आणि शिक्षकांच्या हातात पेन्सिल द्या. ‘हे केंद्र एवढं फिकट कसं?’ असा प्रश्न येईल तिथे गोल करून घ्या आणि त्या गावांची मोजणी पुन्हा तपासा. मग शाळा व्यवस्थापन समित्यांना, गटशिक्षणाधिकाऱ्यांना आणि ग्रामपंचायतींना प्रती द्या. ग्रामपंचायत विकास आराखड्याच्या ग्रामसभा २ ऑक्टोबरपासून सुरू होतात, तेव्हा प्रत त्याआधी सरपंचाच्या हातात हवी. म्हणजे जानेवारीची मोजणी आणि मे महिन्यातलं पाणी नोंदवून जूनपर्यंत नकाशा तयार, पावसात तपासणी, सप्टेंबरात वाटप, आणि ३० तारखेला पुढच्या वर्षाची पहिली मोजणी.